दारातली बाज

2020 च्या उन्हाळ्यात रोहिणखेडला आत्याच्या घराच्या दारात एक बाज आडवी टाकलेली होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही आणि ती कुणी ओलांडायची नाही, असा आतेभावाचा हुकूम. येणाऱ्याने अंगणातल्या लिंबाखाली उभं राहायचं, तिथूनच मोठ्याने विचारायचं, आत्या आतून उत्तर देणार. बोलणं संपलं की निघायचं. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. दारात आलेलं माणूस चहाशिवाय परत पाठवणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. पहिले दोन दिवस आत्या रडली. तिला स्वतःच्या आजाराचं रडू आलं नव्हतं, ते या बाजेचं आलं. "लोकायले येऊ नका म्हणता काय रे?" असं ती मुलाला विचारायची, आणि तो मान खाली घालून सॅनिटायझरची बाटली पुसत बसायचा.

आत्याला डाव्या छातीत गाठ निघाली ती 2019 च्या दिवाळीनंतर. तपासण्या, तुकडा काढून पाठवणं, अकोला, मग परळचं टाटा हॉस्पिटल, असा आमच्याकडच्या कॅन्सरच्या रुग्णाचा जो ठरलेला रस्ता असतो तोच तिचाही. फेब्रुवारीत पहिला केमो झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा. दर एकवीस दिवसांनी एक, गाठ बारीक झाली की ऑपरेशन, नंतर शेक, म्हणजे रेडिएशन. सगळं फाईलमध्ये लिहिलेलं. दुसऱ्या केमोनंतर विदर्भ एक्सप्रेसने ती मलकापूरला उतरली तेव्हा फलाटावर अजून कुणाच्या तोंडावर मास्क नव्हता. आत्याच्या तोंडावर होता. हॉस्पिटलने तो तिला फेब्रुवारीतच लावायला सांगितलं होतं, करोनाचा गावात पत्ताही नव्हता तेव्हा. रिक्षावाल्याने विचारलं, "बाईले टीबी हाय काय?"

चार दिवसांनी जनता कर्फ्यू लागला, आणखी तीन दिवसांनी सगळा देश बंद झाला.

रोहिणखेड मोताळा तालुक्यात येतं. बुलढाण्याचा माणूस जिल्ह्याचे दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. रोहिणखेड घाटाखालचं, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. खानदेशातून वऱ्हाडात शिरणारं सैन्य इथूनच वर चढायचं, म्हणून पंधराव्या आणि सोळाव्या शतकात इथे दोन मोठ्या लढाया झाल्या. 1582 सालची दगडी मशीद अजून त्या काळाची साक्ष देते. आता इथून चढतात ते रुग्ण. साधा ताप असेल तर मोताळा, जरा जास्त असेल तर राजूर घाट चढून बुलढाणा, आणि आजार मोठा असेल तर अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई. गावाचं दुखणं जितकं मोठं तितका प्रवास लांब. लॉकडाऊनमध्ये नेमका हाच प्रवास बंद झाला.

28 मार्चला बुलढाण्यात एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशी अहवाल आला. विदर्भातला तो पहिला करोनाबळी. जिल्हा एका रात्रीत घाबरला. गावागावांच्या वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या. आतेभावाने बाज टाकली ती त्याच दिवशी.

तिसरा केमो महिनाअखेरीस होता.

इथे थोडं वैद्यकातलं सांगावं लागेल, कारण बाज का टाकायची हे आम्हालाही तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. आत्याला जी सलाईन लावायचे तिच्यात एक औषध लालभडक असतं. रुग्ण त्याला 'लाल औषध'च म्हणतात. भराभर वाढणाऱ्या पेशी ते मारतं. गाठीच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, आतड्याच्या आणि हाडांच्या मगजातल्या पेशीही तशाच वाढतात. औषधाला आपलं-परकं कळत नाही. मगजात रक्त तयार होतं. त्यातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे न्यूट्रोफिल, शरीरात घुसलेल्या जंतूवर सगळ्यात आधी धावून जाणारा. रक्तात त्याचं आयुष्य जेमतेम दिवसाभराचं, म्हणून मगजाला तो रोज अब्जांनी घडवावा लागतो. केमोने कारखाना काही दिवस बंद पडतो, साठा संपतो. साधारण सातव्या दिवसानंतर आकडा घसरू लागतो, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातो, आणि एकविसाव्यापर्यंत पुन्हा वर येतो. पुढचा केमो एकवीस दिवसांनी का, तर त्यासाठी. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये दीड हजारांच्या वर न्यूट्रोफिल असले तर ठीक. पाचशेच्या खाली गेले तर माणूस उघड्यावर पडला.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. जखम पिकली, पू झाला, लाल झाली म्हणजे जंतुसंसर्ग, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. तेच नसतील तर पू होणार कुठून? काटा रुततो, जखम शांत दिसते, छातीच्या एक्स-रेवरही सुरुवातीला डाग उमटत नाही. एकच खूण उरते, ताप. म्हणून टाटाच्या नर्सने आत्याला फाईलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत आकडा लिहून दिला होता, 100.4. थर्मामीटरवर एवढा ताप दिसला की वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन तो दाबायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि दवाखान्याने तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. हा नियम करोनाच्या कितीतरी आधीचा आहे आणि करोना गेल्यावरही तोच आहे.

केमोच्या रुग्णाला करोना झाला तर काय होईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. फेब्रुवारी 2020 मध्ये चिनी डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. 1,590 करोना रुग्णांत कॅन्सरचे फक्त 18. त्यातल्या सात जणांची प्रकृती गंभीर झाली किंवा ते दगावले. म्हणजे 39 टक्के. इतरांत हे प्रमाण 8 टक्के. अठरा माणसांच्या त्या आकड्याने जगभरच्या कॅन्सर रुग्णालयांना घाम फोडला. पुष्कळ ठिकाणी केमो पुढे ढकलले गेले. मेमध्ये ब्रिटनहून मोठा अभ्यास आला, कॅन्सर आणि करोना दोन्ही असलेल्या 800 रुग्णांचा. त्यातले 226 दगावले, 28 टक्के, आकडा भीतिदायकच. पण वयाचा आणि इतर आजारांचा हिशेब लावल्यावर दिसलं की आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांचा मृत्यूदर न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हता. केमो थांबवून रुग्ण वाचतो हा समज त्याने मोडला.

टाटामध्ये एक निर्णय त्याआधीच झालेला होता. रुग्णालय चालू ठेवायचं. तिथले डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिल 2020 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये भारतातल्या कॅन्सर उपचारांची अडचण मांडली. तिथल्या शल्यविशारदांनी लॉकडाऊनच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ठरवून केलेल्या 494 मोठ्या कॅन्सर शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला, त्यात ऑपरेशननंतर एकही मृत्यू नव्हता. रुग्णालयात खबरदारी नीट असेल तर तिथे जाणं घरी बसण्यापेक्षा धोक्याचं नाही, एवढं त्यातून कळलं. पण रुग्णालय उघडं असून काय उपयोग, मलकापूरहून गाडीच सुटत नसेल तर? देशभरातल्या 41 कॅन्सर केंद्रांची आकडेवारी पुढे 2021 मध्ये आली. मार्च ते मे 2019 मध्ये तिथे 1,12,270 नवे रुग्ण नोंदले गेले होते. 2020 च्या त्याच तीन महिन्यांत 51,760. मोठ्या शस्त्रक्रिया 17,120 वरून 8,677 वर आल्या. निम्म्याहून जास्त नवे रुग्ण त्या उन्हाळ्यात कुठे होते? गाठी काही लॉकडाऊन पाळत नाहीत. ते आपापल्या घरी होते, आत्यासारखे. कुणी बाजेच्या आत, कुणी बाजेविना.

आत्याचा तिसरा केमो नऊ दिवस उशिरा झाला. टाटाच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, औषधांचं प्रमाण लिहून पाठवलं, आणि अकोल्यातल्या एका रुग्णालयात तो द्यायचं ठरलं. तहसीलमधून परवानगीचं पत्र काढलं. वाटेत तीन ठिकाणी गाडी अडवली, तिन्ही ठिकाणी फाईल दाखवली. तिसऱ्या नाक्यावरच्या पोलिसाने फाईल हातात न घेता दुरूनच वाचली आणि म्हणाला, "माझी माय बी याच्यातच गेली. जा, काचा बंद करू नका." बंद गाडीतल्या हवेचं हे शहाणपण पुढे सगळ्यांना आलं, त्याला एप्रिलमध्येच होतं.

घरी वहिनीने, म्हणजे आतेभावाच्या बायकोने, नियम बसवले. तिला ही सगळी शास्त्रं कुणी शिकवली नव्हती. टाटात मिळालेलं एक मराठी पत्रक आणि स्वतःची अक्कल एवढ्यावर तिने घर चालवलं. आत्याला माजघरातून काढून रस्त्याकडच्या खोलीत नेलं, कारण तिथे दोन खिडक्या. तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळा. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं. नळ आठवड्यातून एकदा, त्यामुळे साठवलेल्या पाण्यात हात घालून पेला भरायची जी सवय सगळ्या घरांत असते ती मोडायला तिला भांडावं लागलं. शेवटी ओगराळंच आणलं. आत्याने शेणाला हात लावायचा नाही, सारवण करायचं नाही, कुंडीतली माती उकरायची नाही, अनवाणी अंगणात जायचं नाही. विळीवर बसायचं नाही. ब्रश मऊ, दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याची गुळणी, कारण तोंड आलं की तिथल्या भेगांतूनच जंतू रक्तात उतरतात.

कुटाराचं मात्र कुणाच्या पत्रकात नव्हतं. एप्रिल महिना, घरात नुकताच हरभरा आलेला, गोठ्याशेजारी कुटाराची गंज. वारा सुटला की भुसा सगळ्या घरात. अशा सुक्या चाऱ्याच्या धुळीत बुरशीची बीजं असतात. धडधाकट माणूस ती रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही, पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात तीच रुजतात. वहिनीला बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं. "मले खोकला येते त येईले किती येईन" एवढ्या तर्काने तिने नवऱ्याकडून गंज गोठ्याच्या पलीकडे हलवून घेतली. पुढच्या वर्षी म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हाहाकार केला तेव्हा मला ती गंज आठवली.

खाण्याच्या बाबतीत गावाने जेवढे सल्ले दिले तेवढे औषधांचे कागदही नव्हते. दही बंद, फळं बंद, कच्चं काही नको. खरं म्हणजे कच्चं सगळं तोडणाऱ्या त्या कडक आहाराचा फायदा संशोधनात दिसलेला नाही. अभ्यासात तो पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन्ही गटांना संसर्ग सारखाच झाला. कामाचं निघालं ते साधंच: हात धुणं, ताजं शिजवलेलं खाणं, फळ धुऊन सोलून खाणं, उघड्यावरचा रस आणि बर्फ टाळणं. आत्याने त्या उन्हाळ्यात डाळिंबं खाल्ली, केळी खाल्ली. तिला जे खरोखर नको होतं ते म्हणजे रसवंतीतला बर्फ टाकलेला उसाचा रस, आणि नेमकं तेच ती मागत होती.

एवढं करूनही ताप आलाच. तिसऱ्या केमोनंतरचा अकरावा दिवस. संध्याकाळी अंग कसकसलं, रात्री नऊला थर्मामीटर 101.2. आतेभावाने गाडी काढली. पहिल्या दवाखान्याने दारातच थांबवलं. ताप आहे, म्हणजे आधी करोनाचा अहवाल आणा. अहवाल यायला दोन दिवस. फाईलवरचा आकडा, केमोची तारीख, सगळं दाखवून झालं. आत घेतलं नाही. त्या दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. तेव्हा तिथले लोकही घाबरलेलेच होते. पण ती रात्र मी विसरलेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरने पीपीई किट चढवून तिला वेगळ्या खोलीत घेतलं, रक्त काढलं, आणि अहवालाची वाट न बघता अँटिबायोटिकची पहिली बाटली लावली. घरातून निघाल्यापासून साडेतीन तास झाले होते. न्यूट्रोफिल निघाले 280. करोना नव्हता. रक्तात सापडले ते आतड्यात राहणारे जंतू, तिचे स्वतःचेच.

हे कळल्यावर मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, सरळ विचारलं, "मंग थे बाज कायले टाकली होती?" प्रश्न चुकीचा नव्हता. केमोच्या रुग्णाचे पुष्कळसे संसर्ग बाहेरून येतच नाहीत. आपल्याच आतड्यात, तोंडात, कातडीवर निवांत राहणारे जंतू पहारा उठला की आत शिरतात. बाज त्यांना अडवू शकत नाही. बाज अडवते ती सर्दी, फ्लू, करोना, क्षय, आणि तेही तेवढंच खरं. आतल्या शत्रूला इलाज थर्मामीटर आणि वेळेवर गाठलेला दवाखाना. बाहेरच्याला इलाज दार. दोन्ही लागतात. माणसं एक करतात आणि दुसरं विसरतात. आम्ही दार सांभाळलं, पण तापाच्या रात्री कुठल्या दवाखान्यात जायचं हे आधी फोन करून विचारून ठेवलं नव्हतं. ती चूक आमची.

पुढचं पटकन सांगतो. चौथ्या केमोनंतर पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली, ताप आला नाही. पावसाळ्यात मुंबईला ऑपरेशन. दिवाळीनंतर शेक, पंधरा दिवसांचा. पूर्वी हाच शेक पाच आठवडे चालायचा. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात स्तनाच्या कॅन्सरला पाच दिवसांचा शेक पंधरा दिवसांच्या शेकाइतकाच उपयोगी ठरला होता. दवाखान्याच्या फेऱ्या कमी करायला तेव्हा सगळेच उतावीळ झालेले, म्हणून पुष्कळ देशांनी तो लगेच उचलला. एरवी अशा बदलाला वर्षं लागली असती.

शेकाच्या, सुट्ट्या धरून, तीन आठवड्यांत आत्या दादरला हिंदमाताजवळच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. परळला आलेल्या आमच्याकडच्या माणसाला ते नाव ऐकलं की निम्मा धीर येतो. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, म्हणजे वऱ्हाडचेच. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि मग कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम. पेशी उतरलेल्या शेकडो रुग्णांना राहायला जागा देणाऱ्या वास्तूला त्या माणसाचं नाव असावं, यापेक्षा योग्य नाव मला सुचत नाही. तिथून टाटापर्यंतचा तो सगळा परिसरच तसा आहे. केईएम तिथे, आणि जवळच हाफकिन इन्स्टिट्यूट, जिथे 1899 पासून जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगच्या लशीचं काम चाललं. प्लेगच्या दिवसांत मुंबईकरांनी सक्तीच्या विलगीकरणाविरुद्ध दंगे केले होते. आमच्या आत्याने बाजेवरून दोन दिवस रडून घेतलं, एवढंच.

मार्च 2021 मध्ये लशीच्या दुसऱ्या टप्प्यात साठीच्या वरच्यांबरोबर पंचेचाळिशीपुढच्या आजारी लोकांना घेतलं, त्या यादीत कॅन्सर होता. आत्याने मोताळ्यात पहिल्याच आठवड्यात लस घेतली. विदर्भात तेव्हा दुसरी लाट उसळली होती. अमरावती विभाग फेब्रुवारीपासूनच पुन्हा बंद होत चालला होता. घरात सगळ्यांना करोना होऊन गेला, आत्याला झाला नाही.

मग बाज उचलली गेली. कधी, ते कुणाला आठवत नाही. आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते.

गेल्या वर्षी गावातल्याच एका मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याच्या घरच्यांनी दारात खुर्ची ठेवून पाहिली. दोन दिवसांत ती हलली. "आता काय करोना हाय काय?" आत्याच्या बाजेला गावाने मान दिला होता, कारण ती भीती सगळ्यांचीच होती. प्रत्येकाला आपल्या घरात हवी असलेली बाज त्यांना आमच्या दारात दिसत होती. या मुलाच्या खुर्चीला कुणी मानलं नाही, कारण ती भीती फक्त त्याच्या आईची होती. लोक आले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, प्रसाद तोंडात घातला, कुणी नाक ओढत कुशीत घेतलं. प्रेमानेच. ब्लड कॅन्सरच्या मुलाचे न्यूट्रोफिल आत्यासारखे चार-सहा दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे शून्याजवळ असू शकतात. कॅन्सरच्या रुग्णाला 2020 हे साल एका बाबतीत बरं गेलं, हे लिहिताना हात अडखळतो, पण ते खरं आहे. त्या वर्षी सगळं गाव त्याच्या नियमाने वागलं.

सरकारकडेही मागणं आहे, पण ते थोडक्यात. रुग्ण गर्दीच्या रेल्वेत, बसमध्ये, प्रतीक्षालयात जितका कमी जाईल तितका संसर्ग कमी. जिल्हा रुग्णालयांत दिवसाची केमो केंद्रं काढण्याची घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तीन वर्षांत सगळ्या जिल्ह्यांत, पहिल्या वर्षी दोनशे. बुलढाण्यात ते नीट चाललं तर घाटाखालच्या रुग्णाची मुंबईची निम्मी वारी वाचेल. पण केंद्रासोबत तापाच्या रात्री उघडं असणारं दारही लागेल, जिथे फाईल बघून आधी अँटिबायोटिक लावतील आणि मग कागद विचारतील. त्याशिवाय केंद्र अर्धंच.

आत्या आता बरी आहे. सहा महिन्यांनी तपासणीला जाते. थर्मामीटर अजून खुंटीला आहे, आणि त्या मुलाच्या आईला तिने दुसरा विकत घेऊन दिला.

दिवाळीला माणसं गावी येतात, भेटी होतात. तुमच्या गावात कुणाचा केमो चालू असेल तर जाण्याआधी एक फोन करा आणि कितवा दिवस आहे ते विचारा. आठ ते पंधराच्या मधला असला तर फराळाचा डबा दारातच ठेवा, आवाज द्या, आणि चहा न घेता परत या.